धावताना बाळगायचं रिव्हॉल्व्हर

बाबा,

मी रिव्हॉल्व्हर निवडलं. घेतलं नाही, आणि घेता येणारही नाही. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, असलेल्या परक्या माणसाला कुवेतमध्ये असलं काही कुणी देत नाही. पण निवडलं. तुम्ही नाही का, साधा मिक्सर घ्यायचा तर फहाहीलच्या बाजारातली सगळी दुकानं पालथी घालायचात, प्रत्येक ठिकाणी भांडं उघडून पात्याला बोट लावून बघायचात, दुकानदार वैतागला की "सोचके आता हूँ" म्हणून बाहेर पडायचात. आई म्हणायची, यांना वस्तू घेण्यापेक्षा निवडण्यातच गोडी जास्त. ती गोडी माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. तुम्ही मिक्सर निवडत होतात, मी एका माणसाची बोबडी वळवायला काहीतरी निवडत होते, एवढाच काय तो फरक. कोणता माणूस, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

मी नेमबाजी शिकते तो क्लब शहराबाहेर, वाळवंटात आहे. ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीनं मला तिथं जायला मिळतं, आठवड्यातून एक दुपार तिथं बायकांची असते. शिकवणारी बाई कुवेती, साधारण माझ्याच वयाची. इराकी सैन्य इथं होतं ते सगळे महिने ती शहरातच होती आणि त्यानंतर तिनं हे शिकायला घेतलं, यापेक्षा जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "किसके लिए सीखना है?" मी म्हटलं, मी रोज सकाळी समुद्राकाठी धावते, तेव्हा अंगावर ठेवायला कोणतं बरं, ते ठरवायचंय. ती हसली. "मालूम है ना, परमिट नहीं मिलेगा? अजनबी को कभी नहीं." मी म्हटलं, माहीत आहे, मला फक्त निवडायचंय. मला वाटलं ही आता मला दार दाखवणार. पण तिनं किल्ली काढली आणि कपाट उघडलं. काही गोष्टी तिला फार समजावून सांगाव्या लागत नाहीत.

लहान हवं, हलकं हवं, आणि धावताना जाणवता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. पहिलं तिनं दिलं ते तळहातात मावणारं, पोरांच्या खेळण्यासारखं. मला ते बघताक्षणी आवडलं. वजन म्हणावं तर काहीच नाही. पण धरायला करंगळीला जागाच उरत नव्हती, आणि पहिली गोळी सुटली तेव्हा अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली. ती म्हणाली, "हबीबती, छोटा है तो जास्ती मारता है. सामनेवाले को नहीं, तुमको." जितकं हलकं, तितका झटका हाताला जास्त, जड हत्यार तो झटका स्वतः पिऊन टाकतं. दुसरं चपटं पिस्तूल होतं, कपड्याखाली अजिबात न दिसणारं, पण घामानं ओल्या झालेल्या हातांनी त्याचा वरचा भाग मागे ओढायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. धापा टाकणाऱ्या माणसाला दोनदा प्रयत्न करायला वेळ कुठला. तिसरं रिव्हॉल्व्हर. हलक्या धातूचं, आखूड नळीचं, आणि घोडा आतल्या आत झाकलेला, म्हणजे घाईघाईनं काढताना कापडात काही अडकायला नको. तेही हाताला मारतं, पण सोसवेल इतपत. ते हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले. "यही?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि पुन्हा कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

निवडलेली वस्तू वापरून पाहिल्याशिवाय तुमचं समाधान होत नसे, माझंही झालं नाही. आईचा पितळी खलबत्ता आता माझ्याकडे असतो. त्यातला बत्ता मी खालच्या बकाल्यातल्या, किराणा दुकानातल्या, मल्याळी दुकानदाराच्या काट्यावर कांद्यांशेजारी ठेवून पाहिला. भरलेल्या रिव्हॉल्व्हरचं जे वजन बाईंनी सांगितलं होतं, तेवढाच भरला. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, बेचना है?" मी म्हटलं, नाही, याला फिरायला न्यायचंय. मग मी धावणाऱ्यांचा तो कमरेचा पट्टा आणला, छोट्या खिशाचा, आणि बत्ता त्यात घालून धावू लागले. बाजूला बांधला तर कमरेच्या हाडावर आपटून काळंनिळं होतं. मागे बांधला तर मणक्यावर येतो, पडले तर संपलंच. पुढे बांधला तर मांडीला घासतो. शेवटी उजव्या बाजूला, किंचित पुढे, पट्टा घट्ट आवळून, असं जमलं. आठवड्याभरात घामानं बत्ता हिरवा पडला, तेव्हा कळलं की लोखंडाचं असतं तर एव्हाना गंजलं असतं. अशी मी गेलं वर्षभर पितळी बत्ता बांधून फहाहीलच्या किनाऱ्यावर धावते आहे. वेडेपणा आहे, कबूल. पण कमरेला ते वजन असलं की माझी मान आपोआप ताठ होते, आणि मागून गाडीचा आवाज आला तर मी वळून बघत नाही.

आता त्या दिवसाकडे येते. तुम्ही तो विषय कधी काढू दिला नाहीत, आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

लढाई संपल्यावर आपण परत आलो होतो. घरात काही म्हणजे काही उरलं नव्हतं, चोरांनी भिंतीतली दिव्यांची बटणंसुद्धा उपटून नेली होती, आणि आई त्या भोकांकडे बघत खाली फरशीवर बसून राहिली होती. हळूहळू पुन्हा सगळं जमवलंत. मी नाशिकला इंजिनियरिंग संपवून तुमच्याकडे आले तेव्हा नवा सोफा आला होता, त्यावर चादर घातलेली होती. कॉलेजात मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे, ती सवय अंगात होती, म्हणून सकाळी समुद्राकाठी धावायला जायचे. तुम्ही अभिमानानं सगळ्यांना सांगायचात, आमची लेक तुमच्या गाडीच्या पुढे जाईल. त्यालाही सांगितलं असेल. तो तुमच्या इन्स्ट्रुमेंट खात्याचा प्रमुख, तुमचं कंत्राट दर वर्षी त्याच्या शब्दावर पुढे सरकायचं. इथल्या आपल्या मराठी मंडळींत तो सगळ्यांचा काका होता, पेटी वाजवायचा, पोरांना चॉकलेटं वाटायचा. मीही काका म्हणायचे. या पत्रात मी त्याला अरेतुरे करणार आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, म्हणूनच करणार आहे.

शुक्रवारची सकाळ होती, हिवाळ्यातली. समुद्रावरून धुकं आलेलं. त्याची गाडी मागून आली आणि माझ्या चालीनं हळूहळू माझ्या शेजारून चालू लागली. काच खाली झाली. "दमलीस ना? चल, सोडतो घरी." मी म्हटलं, नको काका, आत्ताच निघालेय. गाडी पुढे गेली, थांबली, आणि मी तिथं पोहोचेपर्यंत त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलेलं होतं. तो हसत होता. मी हसले, कारण ओळखीच्या माणसाला बघून हसायचं असतं. त्यानं आडवं होऊन माझं मनगट धरलं आणि आत ओढलं. माझा गुडघा दारात अडकला म्हणून मी अर्धी बाहेर राहिले. "ओरडतेस काय, मी काय परका आहे?" हे तो म्हणाला, बाबा, अगदी समजुतीच्या सुरात. मी त्याच्या हाताला चावले. मग पळाले. शर्यतीत कधी पळाले नव्हते तशी पळाले.

तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत होतात. आई पोळ्या करत होती. माझा गुडघा फुटून मोज्यापर्यंत रक्त आलं होतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आईनं गॅस बंद केला. तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली, आणि तुम्ही विचारलंत, "कुणी पाहिलं?" मला आधी तो प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं, साक्षीदार हवा आहे म्हणून विचारताय. मी म्हटलं, नाही, धुकं होतं. तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात. तो मी ऐकला. मग म्हणालात, "कुणापाशी बोलू नकोस. मी बघतो." आणि ती शेंग सोललीत.

मी बघतो. या दोन शब्दांवर मी कित्येक आठवडे काढले. तुम्ही कामावरून आलात की तुमचा चेहरा बघायचे. मला वाटायचं, आज बोलले असतील, आज कानफटात मारली असेल, आज राजीनामा फेकला असेल. दरम्यान तुम्ही माझे बूट खालच्या हारिसला, इमारतीच्या राखणदाराला, देऊन टाकलेत, त्याच्या भावाला होतील म्हणून. आणि एके दिवशी दोन माणसं भलंमोठं खोकं घेऊन आली. ट्रेडमिल. तुम्ही स्वतः माहितीपुस्तक वाचून, स्क्रू पिळून ती माझ्या खोलीत कपाटासमोर उभी केलीत, वर एसीचा झोत बरोबर तोंडावर येईल अशी. "आता घरच्या घरी हवं तेवढं धाव. ऊन नको, धूळ नको." तुम्ही इतके खूश होतात की मला तुमच्यासमोर त्यावर चढून दाखवावं लागलं. मी कपाटाच्या दाराकडे तोंड करून धावले आणि तुम्ही मागे उभे राहून वेग वाढवायचं बटण दाबत होतात. त्या यंत्राचा मी जितका द्वेष केला तितका त्या माणसाचाही केला नसेल.

मग गणपती आले. त्याच्याकडे रुमैथियाला दरवर्षी असायचे, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे पडदे ओढून, खिडक्या लावून, झांजांना रुमाल गुंडाळून आरती व्हायची, शेजाऱ्यांना त्रास नको आणि नसती चौकशी नको म्हणून. मी येणार नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, न गेलो तर लोक विचारतील. आरती झाली, तो खुर्चीवर बसला होता, आणि मुलं ओळीनं सगळ्या मोठ्या माणसांच्या पाया पडत होती. मी भिंतीशी थांबले. तेव्हा तुम्ही माझ्या मागे येऊन माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवलीत. ढकललं नाही, नुसती टेकवलीत. घरात पाहुणे आले की लहानपणी टेकवायचात तशी. आणि माझं शरीर सवयीनं पुढे गेलं, वाकलं, माझे हात त्याच्या पायांना लागले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा. जपून असावं हो मुलींनी." तुमच्या हातात प्रसादाची वाटी होती. तुम्ही मान डोलावलीत.

ती दोन बोटं अजून माझ्या पाठीवर आहेत. खांद्यांच्या मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही.

तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नाशिकच्या दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही माझा हात धरून बरंच काही बोललात, प्लॉटबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. मी वाट बघत होते. तुम्ही तो विषय काढला असतात तर मी तुम्हाला तेव्हाच मोकळं केलं असतं, इतकी मी तयार होते. तुम्ही नाही काढलात. तेराव्याला तो पुण्याहून आला आणि आईला म्हणाला, "देवमाणूस होता." आईनं त्याला चहा दिला.

मी इथंच, कुवेतला, नोकरी धरली, तुमच्याच कामात, आणि पहिल्या सुट्टीच्या दिवशी बूट घेऊन त्याच किनाऱ्यावर गेले. ट्रेडमिल एका सिंधी कुटुंबाला देऊन टाकली. मला वाटलं होतं की आता फक्त धावणं उरेल. पण वर्षांमागून वर्षं गेली तरी प्रत्येक हळू होणाऱ्या गाडीशी मी वळून बघायचे, आणि मी धावताधावता डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायचे. त्याचं दार उघडतं, माझा हात कमरेला जातो, आणि त्याचं ते समजुतीचं हसू जातं. यातूनच मी त्या क्लबात पोचले. मला त्याला मारायचं नव्हतं. मला त्याला घाबरलेलं बघायचं होतं, भर सकाळी, रस्त्यावर, आणि मला ते तुम्ही बघायला हवं होतं. दुसरा भाग होण्यासारखा नव्हता, म्हणून मी पहिल्यावर समाधान मानायचं ठरवलं होतं, आणि तोही होण्यासारखा नव्हता असं मला वाटत होतं.

या हिवाळ्यात तो आला. मुलाकडे, महिना-दोन महिन्यांसाठी. मला कुणी कळवलं नव्हतं. मी धावत होते आणि पुढे एक म्हातारा चालत होता, लोकरीची टोपी, हातात छडी, आणि मी त्याला पाठीमागून ओळखलं. मान थोडी डावीकडे टाकून चालायची लकब. मी त्याच्या पुढे गेले नाही. मी वेग कमी केला आणि त्याच्या चालीनं त्याच्या शेजारून चालू लागले. मी हे ठरवून केलं नव्हतं, पायांनीच केलं.

त्यानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "अगं, तू आमच्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांची लेक ना! अजून धावतेस? वा!"

मी म्हटलं, "तुम्ही मला इथंच गाडीत ओढलं होतं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. घाबरून नाही; एखाद्या लग्नात कुणी जुनं भांडण उकरून काढलं की मोठी माणसं बघतात, तसं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "किती जुनं ते! अगं, तो विषय तर तेव्हाच मिटला. तुझे बाबा आले होते ना माझ्या घरी. हात जोडून म्हणाले, साहेब, मुलीचा गैरसमज झाला, लहान आहे, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, छे हो, मी काय मनावर घेणार. मोठा माणूस, तुझे बाबा. एवढी माफी मागायची काही गरज नव्हती."

बाबा, माझा हात पट्ट्यावर गेला. वर्षभर सराव केलेला हात होता तो. चेन उघडली आणि बत्ता माझ्या मुठीत आला. त्यानं ते पाहिलं. ते नेमकं काय आहे हे त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. त्याला माझी मूठ दिसली आणि माझं तोंड दिसलं. त्याचं हसू गेलं. तो मागे सरकला, छडी पडली, तो बाकावर बसला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. "नको गं. नको. चुकलं माझं. तेव्हा चुकलं." दोन इजिप्शियन बायका चालत येत होत्या, त्या थबकल्या. मी मोठ्यानं, हिंदीत, त्यांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या माणसानं मला काय केलं होतं. त्यांना हिंदी किती कळलं देव जाणे. पण तो प्रत्येक शब्दाला खाली खाली जात होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायला शब्द शोधावे लागतील. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि त्याच आठवड्यात ठरल्यापेक्षा आधीच पुण्याला परत गेला असं कळलं.

त्याचा हिशेब मिटला. घरी येऊन मी आंघोळ केली, चहा केला, आणि चहा निवला तरी मला एकच दिसत होतं, जोडलेले हात. त्याचे नाहीत, तुमचे. मी आठवडेच्या आठवडे तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तुम्ही तोपर्यंत जाऊनही आला होतात. तुम्ही मला नुसतं गप्प बसवलं नव्हतंत, माझ्या वतीनं माफी मागितली होतीत. माझ्या तोंडचं, मला न विचारता, मी कधीच म्हणणार नाही ते. म्हणजे गणपतीत तुम्ही बोटं टेकवलीत ती लोक काय म्हणतील म्हणून टेकवली नव्हतीत. तो तुमच्या माफीचा पुढचा भाग होता, आणि तो मला करायला लावलात. आणि त्यानं डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तुम्ही दोघंही जाणून होतात, एकटी मीच काही जाणत नव्हते.

मेलेल्या माणसावर सूड कसा उगवायचा यावर मी बरेच दिवस विचार केला. तुमचा फोटो माझ्याकडे नाही, प्लॉट केव्हाच विकला. तुम्ही आता एकाच ठिकाणी जिवंत आहात, आईच्या बोलण्यात. कुणीही आलं की ती सांगते, आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही की मान वाकवली नाही. दर शुक्रवारी फोनवर मला सांगते. शेजारणींना सांगते, गॅसवाल्याला सांगते. ते एक वाक्य मी तिच्याकडून काढून घेतलं की तुम्ही पुरते गेलात. त्याला लायसन्स लागत नाही, पट्टा लागत नाही, एका दमात सांगून होईल इतकं ते छोटं काम होतं. परवाच्या शुक्रवारी दुपारी मी फोन केला.

तिनं सुरुवातीला नेहमीचं सांगितलं, कामवाली येत नाही, गुडघे दुखतात. मग मी सांगितलं. तो भेटला होता, म्हणाला की बाबा त्याच्या घरी जाऊन हात जोडून माफी मागून आले होते. मी वाक्य स्वच्छ, सावकाश म्हटलं. मी त्याचाही सराव केला होता.

मग ती म्हणाली, "त्यांना जायचं नव्हतं गं."

मी म्हटलं, "काय?"

"चार दिवस धड जेवले नाहीत. नोकरी सोडतो म्हणाले, त्याच्या तोंडावर कागद मारून येतो म्हणाले. मीच म्हटलं, आणि मग? पुन्हा त्या भिंतीतल्या भोकांकडे बघत बसायचं? तुझं लग्न करायचं होतं, लोकांत बभ्रा झाला असता तर कोण उभं राहणार होतं? मीच पाठवलं. म्हटलं, जा, चार गोड शब्द बोलून मिटवून या. दारापर्यंत जाऊन दोनदा माघारी आले. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बेसनाचे लाडू दिले होते बरोबर. स्टीलच्या डब्यात. नाव घातलेला डबा होता, ह्यांच्या नावाचा, तो काही त्या बाईनं परत दिला नाही."

बाबा, तुमचं नाव कोरलेला डबा त्याच्या घरात आहे. लाडू खाऊन, धुऊन, पुसून, कुठल्यातरी फळीवर ठेवलेला. पुण्याला हलवला असेल तर तिथं. त्यात आता साखर असेल, नाहीतर पोहे. मला डोळ्यांसमोर दिसतो, तुम्ही मांडीवर डबा घेऊन गाडीत बसलेले, आणि स्वयंपाकघरात आई लाडू वळतेय, एकसारखे, त्याला तूप जास्त लागतं हे लक्षात ठेवून. आणि मी शेजारच्या खोलीत ट्रेडमिलवर कपाटाकडे तोंड करून धावतेय. मला बेसन भाजल्याचा वास आला असणार. मी कदाचित स्वयंपाकघरात जाऊन एक मागितलाही असेल.

तिला काय बोलले, विचाराल. मी म्हटलं, बरं. मग विचारलं, गुडघ्याला तेल लावतेस ना. ती म्हणाली, लावते, पण कामवाली नसली की पाठीला लावायला कुणी नसतं. मग तिनं सांगितलं की पुढच्या महिन्यात तुमचं श्राद्ध आहे, तेव्हा मी येणार असले तर तिकीट आत्ताच काढावं. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला.

मी तुम्हाला माफ केलंय, असं समजू नका. तुम्ही दारापर्यंत जाऊन दोनदा माघारी आलात, तिसऱ्यांदा आला नाहीत, आणि मला त्या तिसऱ्या खेपेचा हिशेब हवा आहे. पण तो कुणाकडे मागायचा ते मला आता कळत नाही. हे पत्र पाठवायचं म्हटलं तर तुमचा म्हणून जो पत्ता उरलाय तो नाशिकचा, आईचाच आहे. चष्मा लावून ते तीच वाचणार. म्हणून ते इथंच, माझ्याजवळच राहील. आणि एक सांगून टाकते, बाबा, म्हणजे तुमचा गैरसमज राहायला नको. इतकी पानं मी तुमच्यावर रागावले, कारण तुम्ही मेलेले आहात. तिच्यावर रागवायची माझ्यात हिंमत नाही.